विटांवरची नोकरी

सुखदेवला सांगून आलेल्या मुलीचे वडील कंपनीच्या फाटकातून आत आले तेव्हा तो ट्रकखालच्या विटा ताडपत्रीने झाकत होता. ड्रायव्हर म्हणून लागून त्याला एकवीस दिवस झाले होते. पहिल्याच दिवशी मॅनेजरने त्याच्या ट्रकची चाकं काढून दुसऱ्या ट्रकला लावली, हा ट्रक विटांवर टेकवला आणि सांगितलं, "तू केबिनमध्ये बसून राहा. कुणी माल द्यायला आलं की हॉर्न वाजव. कंपनी चालू दिसली पाहिजे." मागे ठळक 'नॅशनल परमिट' लिहिलेला तो ट्रक अजून फाटकापर्यंतही गेला नव्हता. हॉर्नवर मात्र सुखदेवचा हात चांगला बसला होता.

वडिलांनी काठीने ताडपत्री उचलली. आता सोयरीकही विटांवर चढणार, हे सुखदेवने ओळखलं.

"गाडी एकदाही निघाली नाही?"

"नाही, मामा."

"घाटात?"

"फाटकातसुद्धा नाही."

त्यांनी एकेका विटेवर काठी ठोकून पाहिली. "आमचा थोरला जावईपण ड्रायव्हरच. दोनदा घाटात कलंडला. पोरगी रोज देव पाण्यात घालून बसते." मग त्यांनी पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला. "आमच्याकडून पक्कं समजा." आणि ते पलीकडच्या विटा बघायला गेले.

सुखदेवने पेढा तोंडात टाकला, तेवढ्यात मॅनेजर लगबगीने आला. "सुख्या, चाकं आली रे. उद्या गाडी काढ."

सुखदेव विटांपुढे आडवा उभा राहिला.

"हळू बोला, साहेब. आधी लग्न होऊ द्या."