आईचे ड्रायव्हिंगचे धडे

“आम्ही दोघांनी लग्न करायचं ठरवलंय,” ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर म्हणाले आणि लाजून त्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला. पेला रिकामा होता.

मास्तरांच्या घरी जेवणाच्या टेबलाशी चौघंच बसली होती. मास्तर, त्यांचा मुलगा, मुलीची आई आणि मुलगी. मुलगा ताडमाड उंच, म्हणून सगळे त्याला बांबू म्हणायचे. मुलगी त्याच्या खांद्यालाही पोचायची नाही, म्हणून तो तिला मुंगी म्हणायचा. पण तेही दोघंच असताना. मोठ्यांच्या हिशेबी ही दोघं एका कॉलेजात होती, एवढंच.

मुंगीनं टेबलाखालून बांबूच्या पायावर पाय दिला. बोल, असा त्याचा अर्थ. बांबूनं पाय मागे ओढून घेतला.

“काय रे, तुला चालेल ना?” मास्तरांनीच विचारलं.

“चालेल की,” बांबू ताटाकडे बघत म्हणाला. “काकू चांगल्या आहेत.”

मग सगळ्यांनी मुंगीकडे पाहिलं. “मला काय विचारता,” ती म्हणाली. आईनं तो होकारच धरला.

खरं तर हे सगळं मुंगीनंच जमवून आणलं होतं. वडील दुसरा संसार थाटून गेले तेव्हापासून आई चष्म्याच्या दुकानातून सुटली की थेट घरी यायची आणि मग घरातून हलायची नाही. बांबूच्या घरी पुढच्या खोलीतच मास्तरांचं ऑफिस, तिथं सदानकदा माणसं. भेटायचं कुठं? बसस्टॉपवर उभं राहून दोघांचे पाय दुखायला लागले. तेव्हा मुंगीनं आईच्या मागे भुणभुण लावली. “तू गाडी शिक ना. किती दिवस बसमागे धावणार?” मास्तरांचा क्लासही तिनंच सुचवला.

संध्याकाळी आईला घेऊन मास्तरांची गाडी कोपऱ्यावरून वळली, की पाचच मिनिटांत बांबू दारात हजर. मग दोघं सोफ्यावर हातात हात घेऊन बसायची आणि बहुतेक वेळ भांडायची. तो धडधडीत खोटं बोलायचा, ती त्याचा फोन तपासायची. तो डब्यातली बिस्किटं संपवायचा आणि आईला काय सांगायचं, या विचारानं तिच्या तोंडचं पाणी पळायचं. पण घर तासभर त्यांचं असायचं.

इतर लोक महिन्याभरात शिकून मोकळे व्हायचे. आईला मात्र क्लच जमेना, गाडी मागे घेता येईना.

“तुझी आई ठार ढ आहे,” बांबू म्हणायचा.

“असू दे ढ. तुझं काय बिघडतंय?” मुंगी म्हणायची, आणि दोघं पोट धरून हसायची.

आईनं केस कापून घेतले, ते मुंगीनं पाहिलं होतं. तासाचा दीड तास झाला, तोही तिच्या लक्षात आला होता. तिला आनंदच झाला. त्यापलीकडे तिनं डोकं चालवलं नाही.

जेवण झाल्यावर मुंगीनं बांबूला गॅलरीत गाठलं. “आत्ताच्या आत्ता सांग तुझ्या बाबांना.”

“कसं सांगू? आई गेल्यापासून ते नीट जेवतसुद्धा नव्हते. आता दाढी करताना शीळ घालतात.”

“आणि मी?”

बांबू नखं कुरतडत राहिला. “आपलं काय गं,” तो शेवटी म्हणाला, “आपण तसेही सारखे भांडतोच.”

ते खोटं नव्हतं. गेल्याच आठवड्यात तिनं त्याला, तुझं तोंड बघायचं नाही मला, असं सुनावलं होतं. मनातून तिला त्याचा कंटाळाही यायला लागला होता. पण कंटाळणं वेगळं आणि कुणी हातातून काढून घेणं वेगळं. तिला रडू येत होतं आणि बांबूसमोर रडायचं नव्हतं. ती आत निघून आली.

निघताना मास्तरांनी गाडीची किल्ली आईच्या हातात दिली. दुपारच्या उन्हात गल्ली सामसूम होती. दोन्ही बाजूंना स्कूटर लावलेल्या. आईनं एका दमात गाडी मागे घेऊन बाहेर काढली. कुठं धक्का नाही, कुठं अडखळणं नाही.

“आई, तुला एक सांगायचंय,” मोठ्या रस्त्याला लागल्यावर मुंगी म्हणाली. “मी आणि बांबू...”

“माहीत आहे मला.”

आईनं गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. बोलताना ती समोरच्या काचेकडेच बघत होती. “मध्ये एकदा मास्तरांच्या गाडीचं चाक पंक्चर झालं होतं. मी लवकर परत आले. दारात त्याचे बूट होते. आतून तुमचं हसणं ऐकू येत होतं. मी तशीच जिना उतरले आणि तास संपेपर्यंत खाली रस्त्यावर फिरत बसले.”

मुंगी आईकडे वळली. “मग ओरडली का नाहीस मला?”

“ओरडले असते तर हे सगळंच थांबलं असतं. माझं गाडी शिकणंही.”

“तुला माहीत होतं,” मुंगीचा आवाज फाटला. “माहीत असून तू त्याच्या बाबांशी... आई आहेस ना तू माझी?”

“आहे ना,” आई म्हणाली. “तू सतरा वर्षांची आहेस. तुला अजून कितीतरी भेटतील. मला कोण भेटणार होतं, सांग.”