कुठल्या फोनमधला पाठवायचा

"हनुवटी खाली," गोरक्षमामा म्हणाले. सृष्टीने हनुवटी खाली घेतली. "आता जरा हास. दात नको दाखवू."

दुपारचे ऊन गच्चीच्या सिमेंटवर आपटून उलटे डोळ्यांत येत होते. वाळत घातलेल्या चादरी आईने एका बाजूला सारून पाण्याच्या टाकीसमोर जागा केली होती. जांभळी साडी नेसून सृष्टी तिथे कधीची उभी राहत होती, बसत होती, पुन्हा उभी राहत होती. आठवडाभर सातपूरच्या प्रयोगशाळेत नमुने तपासायचे आणि एक रविवार मिळायचा, तो असा चालला होता. सटाण्याच्या स्थळाला आज फोटो पाठवायचा होता. सोयरीक जुळवणारे केरूनाना सकाळपासून विचारत होते, काढला का, काढला का.

कठड्यावर आईचा फोन होता, सृष्टीचा होता आणि चांदवडहून मुद्दाम आणलेला मामांचा नवा.

आईच्या फोनमध्ये आभाळ पांढरेफटक आले होते आणि सृष्टी नुसती सावली. "ह्याच्यात तर पार काळवंडलीस," आई म्हणाली. "दोन दिवस चार्जिंग टिकतं, तेवढाच काय तो गुण."

सृष्टीच्या फोनमध्ये सगळे होते. कपाळावरचा घाम, गालावरचे मुरमांचे जुने खड्डे, ओठाखालचा तीळ.

"तुझा फोन काही झाकत नाही बाई," आई म्हणाली.

मामांचा फोन मात्र फोटो काढल्यावर क्षणभर थांबायचा. तेवढ्या वेळात तो गालावरचे खड्डे बुजवायचा, नाक बारीक करायचा आणि वरून दुधाचा हात फिरवायचा.

"माझा तीळ कुठे गेला?" सृष्टीने विचारले.

"डाग वाटला आसंल त्याला. हुशार फोन हाय," मामा म्हणाले. "फक्त तापतो लय."

"मामा, ते सेटिंग बंद करा ना."

"बंदच करायचं, तर मंग एवढा भारी घेतला कशाला?"

तिने दोन्ही फोन उचलले आणि पदराजवळ धरले. "आई, साडी बघ. माझ्या फोनमध्ये जांभळी आहे, मामांच्या फोनमध्ये निळी. ज्याच्यात साडीचा रंग जुळतो, त्याच्यातच माझा जुळणार."

"साडीला बघायला कोण येणार आहे?" आई म्हणाली.

मामा खो खो हसले. सृष्टीलाही हसू आले असते, पण तेवढे त्राण नव्हते.

"मला बघायला आलेली घोटीची माणसं आठवतात ना?" ती हळूच म्हणाली. "त्यांनाही असाच गुळगुळीत फोटो पाठवला होता. मुलाच्या आईने तो फोन माझ्या गालाशेजारी धरला होता. एकदा फोनकडे बघायच्या, एकदा माझ्याकडे. मी कुणाचं तरी काही चोरून आणल्यासारखं."

आई चादरीची सुरकुती सारखी करत राहिली. मग तिकडेच बघत म्हणाली, "आणि त्याआधी तुझ्या फोनमधला पाठवत होतो, तेव्हा? दारात तरी आलं का कुणी?"

दोन्ही प्रयोग करून झाले होते आणि दोन्ही फसले होते.

"आक्का, मी सांगतो," मामा म्हणाले. "फोटो माझ्यातलाच धाडू. आन् पाव्हणे दिवेलागणीला बोलवू. ट्यूब लावायची नाय. पिवळा बल्ब लावायचा."

"आणि लग्नानंतर, मामा? जन्मभर बल्ब?"

"लग्नानंतर कोण कुणाकडं बघतं गं?"

आई हसली नाही. सृष्टी टाकीच्या ओट्यावर बसली. खालच्या गल्लीत कुणीतरी स्कूटरला किका मारत होते आणि स्कूटर काही सुरू होत नव्हती.

"पाठवा," सृष्टी म्हणाली. "तुमच्यातलाच पाठवा."

मामांनी बोट टेकवले. फोटो गेला.

केरूनाना जणू फोन हातात घेऊनच बसले होते. त्यांनी लगेच मुलाचा फोटो धाडला. मामांनी आधी स्वतः पाहिला, मग आईपुढे धरला.

"समर्थ नाव हाय. डिप्लोमा झालाय, सोताचं ट्रॅक्टरचं गॅरेज हाय. आन् काय उजळ पोरगा हाय, बघ आक्का!"

"अगं बाई, खरंच की," आई म्हणाली. तिच्या आवाजात आनंद होता आणि त्याच्या तळाशी भीती. एवढ्या गोऱ्या मुलाला आपली कशी चालेल? "सृष्टी, बघ तरी."

सृष्टीने फोन घेतला, ऊन लागू नये म्हणून पदराच्या सावलीत धरला आणि सवयीने दोन बोटांनी फोटो मोठा केला. गाल गुळगुळीत होते, एकही रंध्र नाही. मिशीची कड विरघळल्यासारखी पुसट झाली होती. दुधाचा तो हात कानापाशी येऊन थांबला होता आणि कान तपकिरी राहिला होता. ती फोटो खाली सरकवत गेली. शर्टाची बटणे, मनगटावरचे घड्याळ, आणि पोटापाशी एकात एक गुंतवलेले हात. फोनला चेहरा तेवढा ओळखता येत होता, हातांशी त्याला काही कर्तव्य नव्हते. हात चांगले काळेसावळे होते. बोटांच्या पेरांत न धुतली जाणारी वंगणाची रेघ होती. अंगठ्याच्या नखाखाली रक्त साकळून निळे झाले होते.

"आण इकडं, तापला आसंल," मामांनी हात पुढे केला. तिने फोन दिला नाही.

"कसा वाटतो गं?" आईने भीत भीत विचारले.

"खरा चेहरा अजून आलेला नाही, आई," सृष्टी म्हणाली. "हात बरा आहे."