आंबागडला न्यायचा फ्रीज

केवळरामने फ्रीजची पिन भिंतीतून काढली. गुरगुर थांबली. आत वरच्या खणात बर्फाची लादी होती आणि खाली पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर उभा होता. थर्मामीटर खाणीच्या दवाखान्यातल्या मारोतराव कंपाउंडरचा. बायको कौशल्याची इन्सुलिनची बाटलीही त्याने सध्या त्यांच्याकडेच ठेवायला दिली होती.

चिखल्याच्या खाणीत पंपावर त्याची उभी हयात गेली होती. आता रिटायर व्हायचं आणि क्वार्टर सोडायचं. त्याला आंबागडला जायचं होतं. तिथे धाकटा भाऊ नत्थू होता, धानशेतीच्या बांध्या होत्या, किल्ल्याच्या पायथ्याशी स्वतःचं घर होतं. पंपाच्या घरघरीत उभ्या उभ्या तो मनाने कितीदा त्या घराच्या ओसरीवर जाऊन बसला असेल, ते त्यालाच ठाऊक. पण घरात वीज नव्हती.

आणि कौशल्याला साखरेचा आजार होता. रोज सुई टोचावी लागायची. मागच्या उन्हाळ्यात माठाजवळ ठेवलेलं औषध नासलं, तेच टोचलं गेलं आणि ती भंडाऱ्याच्या दवाखान्यात बेशुद्ध पडून राहिली. त्यानंतरच, बदली होऊन गेलेल्या एका साहेबाचा जुना फ्रीज घरात आला होता.

केवळरामच्या डोक्यात एक गोष्ट बसली होती. फ्रीज बंद तर बंद, पेटी तर आहे. तुमसरहून बर्फ आणायचा आणि या पेटीत भरायचा. मात्र ती गारवा किती धरते, हे आधी पाहायला हवं होतं.

पहिल्या खेपेला पेटीने दगा दिला. संध्याकाळीच पारा चढू लागला. सकाळी दार उघडलं तर बर्फाचं पाणी झालेलं आणि पेल्यातलं पाणी कोमट. त्या दिवशी तो जेवणाचा डबा न उघडताच कामावरून परत घेऊन आला.

मग त्याने दाराच्या सैल रबराखाली सायकलची ट्यूब कापून चिकटवली. भोवती धानाचं तणस लावलं, वरून गोधड्या बांधल्या. नवी लादी ठेवली. या खेपेला पारा हलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. लादी जवळजवळ तशीच. केवळराम लहान पोरासारखा बोलत सुटला. घराला चुना मारून ठेव, म्हणून त्याने नत्थूला निरोपही धाडला. कौशल्या भाजी निवडत होती. बरं झालं, एवढंच म्हणाली.

त्याच्या पुढच्या दिवशी पंप बिघडला आणि पाळीला लवकर सुट्टी झाली. केवळराम भर दुपारी घरी आला. कौशल्या खाटेवर डोळे मिटून पडली होती. खोलीत गुरगुर चालली होती. त्याने पाहिलं, पिन भिंतीत होती.

तो कामावर निघाला की ती पिन लावत होती आणि यायची वेळ झाली की काढत होती.

त्याला राग आला नाही. आधी काही कळलंच नाही. मग तो खाटेच्या कडेला बसला.

"काहून केलं असं?"

कौशल्या उठून बसली. पदर सावरला. "तुमचा जीव तिकडं अडकला आहे. माझ्यापायी किती दिवस इथं कुढत बसान?"

"अन् तिथं औषध नासलं असतं तर?"



"नासलं असतं तरी काय बिघडलं असतं? आंबागडले गेल्यावर मी सुई टोचून घेनारच नव्हती."

फ्रीज गुरगुरत होता. केवळराम उठला आणि मारोतरावांकडे जाऊन तिची बाटली घेऊन आला.

रविवारी तो तुमसरला गेला. राइस मिलच्या मागे एक खोली भाड्याने मिळणार होती. दारात कोंड्याचा थर साचला होता, समोर मिलची काळी भिंत होती. घरमालक कुलूप काढत असतानाच केवळरामने वरच्या विजेच्या तारेकडे बघत विचारलं, "इथं लाइन गेली, तं किती वेळानं येते?"