कोड्यापुरता मुक्काम

"एम्ब्रेस," त्र्यंबकराव म्हणाले. "म्हणजे मिठी."

चैत्रालीने पेन थांबवून सासऱ्यांकडे पाहिलं. "कसं काय, बाबा?"

इथेच खरी पंचाईत होती. नुसतं उत्तर या दोघांत चालत नसे, ते कुठून आलं हेही सांगावं लागे. त्र्यंबकरावांनी कॉफीचा घोट घेतला आणि पाढे म्हटल्यासारखं सुरू केलं. इंग्रजी शब्दकोड्यातलं वाक्य होतं 'सम ऑफ देम ब्रेस्ड फॉर अ हग'. त्यातल्या 'देम'ची शेवटची दोन इंग्रजी अक्षरं घ्यायची, 'ब्रेस्ड'ची पहिली पाच घ्यायची आणि जोडायची. 'सम ऑफ' म्हणजे यातलंच काहीतरी उचला, असा इशारा.

"वा," ती म्हणाली आणि तिने चौकटी भरल्या.

त्र्यंबकरावांना ही सगळी भानगडच अजब वाटे. मिठी हवी तर मिठी म्हणावं. माणसाने सरळ बोलायचं सोडून शब्दांची आतडी कशाला बाहेर काढायची?

सांगलीहून ते म्हैसूरच्या कुवेंपुनगरात लेकाकडे आले ते पत्नी अलकाताई गेल्यानंतर, दोन महिन्यांसाठी. पहिल्याच आठवड्यात ते इंग्रजी पेपरचं शेवटचं पान धरून बसले होते. डोळे पानावर आणि मन कृष्णेच्या घाटावर. चैत्रालीने विचारलं, "बाबा, तुम्ही हे गूढ शब्दकोडं सोडवता?" तिचा चेहरा असा उजळला होता की त्यांच्याने नाही म्हणवेना. "कधीमधी," ते म्हणाले. "तुला आवडतं?" "खूप," ती म्हणाली. झालं. त्या दिवसापासून सकाळची कॉफी आणि कोडं यांची गाठ बसली, आणि दोन महिन्यांचं वर्ष कधी झालं कळलं नाही.

पोरीला या गावात कोण होतं? लेक निनाद उजाडताच कंपनीच्या बसने जायचा. तिची एवढी एक हौस, तीही एकटीने भागवायची? म्हातारपणी आपण कुणाच्या उपयोगी पडतोय, हे त्यांना सुखाचं वाटे. पण जीव सांगलीत होता. तिथे स्वतःचा फ्लॅट होता, घाटावरचे दोस्त होते, आणि रस्त्यावर भेटणारा प्रत्येक माणूस आपल्या भाषेत भांडत होता.

नुसती हौस पुरवून भागत नव्हतं, उत्तरंही यायला हवीत. म्हणून त्यांनी मागच्या गल्लीतले कृष्णमूर्ती सर गाठले. सर कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. घराणं कितीतरी पिढ्या म्हैसूरचं, घरात मराठी, पण कन्नडची फोडणी दिलेली. चैत्राली पहाटे योगाच्या क्लासला गेली की अर्ध्या-पाऊण तासाने त्र्यंबकराव फिरायच्या निमित्ताने सरांच्या व्हरांड्यात हजर होत. सर आपल्या पेपरातलं तेच कोडं उघडत आणि दोन-तीन वाक्यं फोडून दाखवत.

"नोडि, बघा राव, वाक्याचं तोंड बघायचं, नाहीतर शेपूट. अर्थ टोकाला असतो. पोटात नुसती गंमत, हौदु की नाही?"

सुनेला यातलं कळू देऊ नका, असं त्यांनी पहिल्याच दिवशी विनवलं होतं. सर गालातल्या गालात हसले. मग म्हणाले, "आगली, होऊ दे तसं. नाही सांगणार."

एक गोष्ट मात्र त्र्यंबकरावांना उलगडत नव्हती. जे त्यांना येई, नेमकं तेच चैत्रालीला येत नसे. ती बाकीची दोन-चार सोडवी, 'तोंड-शेपूट बघू या' म्हणे, आणि त्यांच्या वाट्याच्या वाक्यापाशी अडून बसे. तोंड-शेपूट ही या धंद्यातली बोलीच असावी, असं त्यांनी ठरवून टाकलं. अडणं मात्र मुद्दामचं. सासऱ्याचा मान राखायला मुलगी माघार घेते, दुसरं काय. त्यांना भरून येई.

मिठीचं उत्तर सांगितलं त्याच दुपारी सांगलीहून घाटावरच्या दोस्ताचा, दत्तोजीरावांचा फोन आला. फ्लॅटला चांगलं भाडेकरू कुटुंब मिळत होतं. "पण त्र्यंबका, पाच वर्षांचा करार मागताहेत. येणार असशील तर आत्ताच सांग, तोडून टाकतो."

त्र्यंबकरावांनी संध्याकाळपर्यंत मुदत मागितली. येतो म्हणायचं, हे त्यांचं जवळजवळ ठरलंच होतं. तेवढ्यात चैत्राली ऑफिसातून आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "बाबा, रविवारी मोठं कोडं येतं म्हणे. तेही घ्यायचं का?"

त्यांनी आत जाऊन फोन लावला. "देऊन टाक," ते म्हणाले.

रात्री जेवताना त्यांनी बातमी सांगितली. निनादने खूश होऊन पाठीवर हात ठेवला. चैत्रालीच्या हातातला घास तसाच राहिला. मग ती "छान झालं, बाबा," म्हणाली आणि पाणी आणायला उठली. डोळे भरले असतील, त्र्यंबकरावांना वाटलं.

झोप कसली येतेय. आपलं घर आता परक्याचं, ही गोष्ट कूस बदलली तरी टोचत होती. पहाटे तिची स्कूटर गेल्याचा आवाज आला तसे ते रोजची वेळ होण्याआधीच बाहेर पडले. निदान रविवारच्या मोठ्या कोड्याची तयारी आजपासून करावी.

सरांच्या फाटकाशी ते थबकले. आत चैत्रालीची स्कूटर उभी होती. व्हरांड्यात दिवा होता, सरांच्या हातात पेपर होता, आणि त्यांच्यासमोर फाटकाकडे पाठ करून चैत्राली बसली होती.

"आज रोजची दोन-चार वाक्यं नको सर, जास्त शिकवा," ती सांगत होती. "वर्ष झालं, मला यातलं ओ की ठो कळत नाही. बाबांचा जीव इथे रमत नाही, तुम्ही सांगलीला परत जा, असं मी त्यांना कितीदा सांगणार होते. पण तिथे त्यांच्याबरोबर हे कोडं कोण सोडवणार, म्हणून गप्प बसले."