चौदा रेघा

"तोंडात हात कुणी घातला?"

डॉक्टर सोमशेखरांनी तिसऱ्यांदा विचारलं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सकाळीच अख्खी गल्ली येऊन बसली होती. पद्माबाईची म्हैस आदल्या दिवशी मेली, आणि ढोरांच्या डॉक्टरनं सांगितलं की तिला पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. गल्लीत तिचं दूध न प्यालेलं घर नव्हतं.

"दूध प्यालेल्यांना सुई लागत नाही. उठा, घरी जा," डॉक्टर म्हणाले. "ज्यानं तोंडात हात घातला त्यालाच लागते. आणि औषध एका माणसापुरतंच उरलंय. पुढचं कधी येईल सांगता येत नाही."

गल्ली पुटपुटत उठली. म्हातारा तिप्पण्णा तेवढा घुटमळला. म्हैस लाळ गाळायला लागली, पाण्याला तोंड लावेना, तेव्हा घशात कणीस अडकलंय असं छातीठोकपणे त्यानंच सांगितलं होतं. सांगून स्वतः चिटगुप्प्याच्या बाजाराला निघून गेला होता. जनावराला ठसका लागला की हात घालून काढायचं, ही इकडची जुनी रीत. डॉक्टरची वाट कोण बघत बसतो?

"हिनं घातला," पद्माबाई म्हणाली आणि सात वर्षांच्या भाग्यलक्ष्मीला पुढं केलं.

"एवढीशी पोर?"

"हात बारीक हाय तिचा. मी दोरी धरल्ती, हिनं हात घातला."

"पण माय, मी..."

"गप बस."

डॉक्टरांनी पोरीचे हात उलटेपालटे करून बघितले. मग पद्माबाईच्या बोटावरच्या चिंधीकडं बोट दाखवलं. "हे काय?"

"गवत कापताना इळा लागला. चार दिस झाले."

"पट्टी करून घ्या," म्हणून त्यांनी पोरीच्या नावानं सुयांची चिठ्ठी लिहिली.

चौदा सुया. पोटात, बेंबीच्या भोवती, रोज एक. त्या काळी सरकारी दवाखान्यात तेच औषध मिळायचं. पहिल्या सुईला भागी अशी किंचाळली की बाहेरच्या बाकावरच्या बाया उठून आत डोकावल्या. नर्स रुद्रम्मानं पाय धरले, पद्माबाईनं हात धरले. घरी आल्यावर पद्माबाईनं चुलीतला कोळसा घेतला आणि भिंतीवर एक रेघ ओढली.

रोज सकाळची एसटी, रोज एक सुई, रोज एक रेघ. मजुरी बुडाली ती बुडाली. पोरीचं पोट सुजून ढोलकं झालं. पाचव्या दिवशी ती कणगीमागं लपली. पद्माबाईनं तिला ओढून काढलं, पाठीत धपाटा घातला, आणि स्टँडवर येईपर्यंत स्वतःच ढसाढसा रडत होती.

शेजारच्या जगदेवीला बघवेना. "कामून एवढं रडवायलीस लेकराला? हात धुतला की सगळं जातंय."

"हाताचं सोड गं अक्का," पद्माबाई म्हणाली. "रोज धार काढताना हिच्या तोंडात धार सोडायचे मी. कच्च्या दुधाची. माझ्याच हातानं पाजलंय. ते डॉक्टर काय बी म्हणू दे, मला न्हाई धीर निघत."

नवव्या दिवशी भागीला बाकावर बसवून तिनं रुद्रम्माला विचारलं, "अक्का, नवं औषध आलं का?"

"न्हाई अजून. कुणाला पायजे?"

"कुणाला न्हाई. सहज इचारलं."

चौदावी रेघ ओढली तेव्हा दसरा दोन दिवसांवर आला होता. पद्माबाईनं गूळ घालून शेंगांच्या पोळ्या केल्या, गल्लीत वाटल्या. पोरीच्या तोंडावरून हात फिरवत म्हणाली, "सुटले बाई मी." त्या रात्री ती किती तरी दिवसांनी गाढ झोपली.

तिचा नवरा मायाप्पा हैदराबादला बांधकामावर होता. त्याला हे सगळं कळलं ते वेळ अमावस्येला, शेतातल्या पूजेच्या सणाला, गावी आल्यावर. त्यानं चौदा रेघा मोजल्या, पोरीला उचलून छातीशी धरलं आणि बराच वेळ खाली ठेवलंच नाही. "वाघीण हाय माझी," म्हणाला. पद्माबाई हसली. तिचं विळा लागलेलं बोट चार दिवसांपासून मुंग्या आल्यागत बधिर होतं, ती ते सारखं चोळत होती. अंगात कणकण होती. थंडी बाधली असेल, म्हणाली.

शेतात ज्वारी डोक्याएवढी झाली होती. कडब्याच्या खोपीत पूजा झाली. गल्ली पंगतीला बसली. पालेभाज्यांची भज्जी वाढली, भाकरी वाढली. भागीनं आंबिलाचा पेला भरून दोन्ही हातांनी आईपुढं धरला.

"घे माय. गार गार हाय."

पद्माबाईनं पेला ओठाला लावला. घसा आवळला. आंबील छातीवर सांडलं आणि पेला हातातून उडून खोपीबाहेर पडला. तिनं पुन्हा हात पुढं केला, तर नुसत्या पेल्याकडं बघूनच तिची मान मागं झटकली गेली. तोंडातून लाळ ओघळली.

अशी मान झटकताना गल्लीनं आधी एकदा बघितलं होतं, म्हशीच्या पाण्याच्या घमेल्याजवळ. तिप्पण्णाच्या हातातली भाकरी खाली पडली.

मायाप्पाला आधी काही सुधरेना. मग त्यानं झडप घालून पोरीला जवळ ओढलं, तिचा जबडा धरला, घसा चाचपला. "तुला गिळता येतंय का, भागे? बोल! म्हशीच्या तोंडात तूच हात घातल्तास ना?"

भागीनं आईकडं बघितलं. आई डोळ्यांनी नको नको म्हणत होती.

"मी दोरी धरल्ती, अप्पा. हात मायनं घातल्ता."