साडेचार फुटांचा ओटा

राहायची सोय असलेल्या छोट्या व्हॅनच्या भिंतीतून ओटा सरकत बाहेर आला आणि शाल्मलीच्या छातीशी थांबला. बाबांना जाऊन तीन महिने झाले, तरी तो त्यांच्याच उंचीचा निघत होता. महिनाभर रोज समोर उभं राहून शिकवल्याशिवाय तो दुसऱ्या कुणासाठी हलत नसे.

"गाडीचं गिऱ्हाईक चारला येतंय," आई दारातूनच म्हणाली. "ओट्याची ती आठवण पुसून टाक. सहा फुटी माणसाचा ओटा कोण घेणार?"

शाल्मलीचं बोट बटणावर अडलं. हे पुसलं की बाबांची उंची कुठेच उरणार नव्हती.

"आधी चहा करू. तू एकदा आत तर ये."

"या डब्यात? सहा वर्षं तुझे बाबा हेच म्हणत होते." तरी साडेचार फुटांची आई कुरकुरत चढली.

ओटा हलला. हळूहळू खाली येत तो नेमका तिच्या कोपराशी थांबला. वरचं फडताळही चहा-साखरेचे डबे घेऊन तिच्या हाताशी उतरलं.

"अगं बाई! याला मी कशी ठाऊक?"

शाल्मलीने खाली पाहिलं. ओट्यापुढच्या रबरी चटईवर दोन गोल खळगे पडले होते, गुडघे टेकल्याचे.

आईनेही ते पाहिले. "तरी मी म्हणत होते," ती हलकेच म्हणाली, "गाडीतून उतरताना हे रोज लंगडतात कशाने."

तिने गॅस पेटवला.

"त्या गिऱ्हाइकाला नको म्हणून कळव. आणि तू पलंगावर बस बघू, वाट अडवू नकोस. आधीच जागा कुठाय इथे?"