बारावं बीज

पडद्यावर माझाच नकाशा होता. कोसळत्या वायूच्या ढगात महाकाय ताऱ्यांची बारा बीजं. चार वर्षं मी राबले आणि खाली नाव एकट्या सरांचं.

"मोठा तारा शेजारच्यांचा वायू ओढूनच वाढतो," ते परिषदेला समजावत होते.

चहाला मी त्यांना गाठलं. "सर, माझं नाव?"

"पुढच्या पेपरात घालू गं. बारावं बीज सगळ्यांना आवडलं बघ."

खरी बीजं अकराच होती. प्रोग्रॅम नीट चालतो का हे तपासायला एक खोटं पेरायचं आणि नंतर काढायचं, हे मला सरांनीच शिकवलं होतं. त्यांनी न विचारता उचलली ती चाचणीची फाईल होती.

मी कप खाली ठेवला.

"राहू दे, सर. नाव तुमचंच असू दे."